आवाजास लगाम

संगीताच्या इतिहासांत गवयाचें नांव राहतें, त्याच्या गुरूचें राहतें, घराण्याचें राहतें. परंतु गवयाचा आवाज ज्या यंत्रांतून गेल्यावांचून हल्लीं बहुधा आपल्या कानीं पडतच नाहीं, त्या यंत्राचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. मायक्रोफोन आणि ध्वनिवर्धक हे दोघे निदान डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांची थोडीफार विचारपूस होते. या दोघांच्या मधल्या वाटेवर मात्र एक तिसरा अधिकारी बसलेला असतो. तो मोठा आवाज दाबतो, त्यामुळें लहान आवाजास वर येण्यास वाव मिळतो. आणि आपलें काम त्यानें चोख बजावलें तर तो तेथें आहे याचा ऐकणारास पत्ताही लागत नाहीं. त्याचें नांव कॉम्प्रेसर.

पूर्वीं हा एक जड लोखंडी पेटारा होता. आज ती संगणकावरची एक आज्ञावली झाली असून ध्वनिमुद्रण करणारे तिला ‘प्लगिन’ म्हणतात. आमच्या नाशकांतही आतां घरच्या एखाद्या खोलीला जाड पडदे लावून अभंग, भावगीत किंवा ढोलपथकाचें वादन मुद्रित करणारी तरुण मंडळी भेटतात. त्यांच्या पडद्यावर त्या जुन्या पेटाऱ्याचें हुबेहूब चित्र असतें. त्यावर थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक, रिलीज, मेकअप गेन अशा खुंट्या असतात. आणि पुष्कळदां कोणीतरी सांगितलेले आकडे त्या खुंट्यांवर लावून काम उरकलें जातें. आमच्या मतें आकडे पाठ करून या खुंट्या समजत नाहींत. प्रत्येक खुंटी हें कोणत्या तरी जुन्या अडचणीचें उत्तर आहे. ती अडचण कळली म्हणजे खुंटी आपोआप कळते. म्हणून येथें इतिहासाच्या वाटेनें तिच्याकडे जाण्याचा आमचा विचार आहे.

प्रारंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘कॉम्प्रेशन’ हा शब्द ध्वनीच्या प्रांतांत निरनिराळ्या अर्थांनीं चालतो. एमपीथ्रीसारख्या पद्धतींत ध्वनीची साठवण लहान केली जाते. तिचा आमच्या विषयाशीं संबंध नाहीं. तीन मिनिटांच्या तबकडींत तासाभराचा ख्याल बसविणें हाही एक संकोचच होता. परंतु तो काळाचा संकोच, आणि तो गवई स्वतःच्या बुद्धीनें करी. कॉम्प्रेसर जो संकोच करतो तो लहान आणि मोठा आवाज यांमधील अंतराचा. गाणें तितकाच वेळ चालतें, स्वर तेच राहतात; फक्त उंच आणि सखल यांतील अंतर कमी होतें.

हें अंतर किती मोठें असतें तें पाहूं. आवाजाचें मान डेसिबेलमध्यें मोजतात, आणि हें मान बेरजेचें नसून गुणाकाराचें आहे. सहा डेसिबेल वाढले कीं ध्वनिलहरीचा दाब दुप्पट होतो, वीस वाढले कीं दहापट, आणि साठ वाढले कीं हजारपट. शांत खोलींतील कुजबूज आणि जवळून ऐकलेला ढोल यांत सत्तर डेसिबेलांचें अंतर सहज पडतें. म्हणजे दाबांत सुमारें तीन हजारपटींचा फरक. मनुष्याच्या कानाचा आवाका सुमारें १२० डेसिबेलांचा असल्यामुळें त्यास हा भार जड जात नाहीं. परंतु लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीचा आवाका तीस ते चाळीस डेसिबेलांचा होता. चुंबकीय फितीचा सुमारें साठांचा. आणि १९८२ सालीं आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचा सुमारें ९६ डेसिबेलांचा. नदी मोठी आणि पाट अरुंद, अशी ही स्थिति आहे. पाटांतून नदी न्यावयाची तर कांहीं तरी युक्ति केलीच पाहिजे.

या अडचणीचें मोल कळण्यास नाशकाबाहेर जाण्याचें कारण नाहीं. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनीं उत्तर आयुष्य येथें रामभक्तींत घालविलें. रामनाम आधार आश्रम त्यांनीं येथेंच स्थापन केला. त्यांचें गाणें तयार झालें तें मिरजेस, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या तालमींत. म्हणजे ग्वाल्हेर परंपरेच्या खुल्या आणि निकोप आवाजांत. ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें आणि गाणें दिवाणखान्यांतून काढून सभामंडपांत आणलें. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात. १९२३ सालीं काकीनाडा येथें अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनीं हरकत घेतली असतांही त्यांनीं तें पुरें म्हटलें, हें प्रसिद्धच आहे. ज्या काळांत ध्वनिवर्धकाचा प्रसार झालेला नव्हता, त्या काळांत हजारोंच्या समुदायापुढें गाणाऱ्याचा आवाज कसा असला पाहिजे याची कल्पना वाचकांनींच करावी.

त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु, ज्यांस सर्व महाराष्ट्र बापूराव पलुसकर म्हणून ओळखतो, ते २८ मे १९२१ रोजीं जन्मले. वडील वारले तेव्हां ते अवघे दहा वर्षांचे होते. पुढें वडिलांच्याच शिष्यांकडून, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांजकडून, त्यांस विद्या मिळाली. १९४४ सालीं त्यांची पहिली तबकडी निघाली; १९५२ सालच्या ‘बैजू बावरा’ या चित्रपटांत ते अमीर खां यांजबरोबर गायले; आणि ऑक्टोबर १९५५ मध्यें वयाच्या चौतिसाव्या वर्षीं ते निवर्तले. वडिलांचा आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेंतील माणसास उद्देशून होता. मुलाचा आवाज आज आपणांस ऐकूं येतो तो तबकडी आणि नभोवाणी यांच्या वाटेनें, हातभर अंतरावरच्या मायक्रोफोनमधून. एकाच घरांत, एकाच विद्येंत, तीस वर्षांच्या आंत गाण्याचा पत्ता बदलला. तो बदलतांना कोणकोणतीं विघ्नें आलीं, तोच आमच्या यंत्राचा पूर्वेतिहास होय.

हिंदुस्थानांत ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा १९०२ सालीं कलकत्त्यास आला आणि गौहर जान हिच्या गाण्याचें मुद्रण करून गेला. त्या काळीं विजेचा उपयोग नव्हता. गवयानें कर्ण्यांत तोंड घालून गावें, कर्ण्याच्या टोकाचा पडदा हलावा, आणि त्यास जोडलेल्या सुईनें मेणावर नागमोडी चर कोरावी, अशी रीत होती. आवाज मोठा झाला कीं चरीचें वळण रुंद होई आणि शेजारच्या चरीस भिडे. आवाज लहान झाला कीं तबकडीच्या खरखरीत तो बुडून जाई. उपाय एकच: तान चढली कीं गवयानें मागें सरावें, खर्जांत उतरला कीं पुढें यावें, आणि त्यास हें सुधरलें नाहीं तर मदतनिसानें त्यास धरून सरकवावें. जगांतील पहिला कॉम्प्रेसर म्हणजे गवयाच्या खांद्यावरचा हा हात होय, असें म्हणावयास हरकत नाहीं.

१९२५ सालीं विजेच्या साह्यानें मुद्रण होऊं लागलें आणि तो हात खांद्यावरून निघून खुंटीवर आला. आतां गवई एका जागीं उभा राही, आणि कांचेपलीकडे बसलेला ध्वनिमुद्रक काट्यावर नजर ठेवून आवाज कमीजास्त करी. तरीही अंतराचा जुना उपाय अजिबात गेला नाहीं. १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटांतील ‘आयेगा आनेवाला’ या गीताच्या वेळीं दुरून जवळ येणाऱ्या आवाजाचा भास निर्माण करण्यासाठीं लता मंगेशकर मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहून गातगात त्याच्याकडे चालत आल्या, ही हकीकत त्यांनींच पुढें सांगितलेली आहे. मुंबईस राजकमल कलामंदिरांत चित्रपटांचें अंतिम ध्वनिमिश्रण करणारे मंगेश देसाई यांचें नांव त्या व्यवसायांत अजून आदरानें घेतलें जातें, तें याच हातांच्या आणि कानांच्या कसबाबद्दल.

परंतु हाताची एक मर्यादा असते, आणि ती नभोवाणीनें उघडी पाडली. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें. तें दीड किलोवॅट शक्तीचें होतें. ती कंपनी १९३० सालीं बुडाली, सरकारनें तो व्यवहार हातीं घेतला, आणि १९३६ सालीं त्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. तबकडीवर आवाज जास्त झाला तर एक तबकडी फुकट जाते. नभोवाणींत तो मर्यादेबाहेर गेला तर ध्वनि फाटतोच, शिवाय शेजारच्या केंद्राच्या लहरींवर अतिक्रमण होतें. बरें, भीतीनें आवाज कमीच ठेवावा, तर दूर गांवच्या श्रोत्याला गाण्याऐवजीं खरखरच ऐकावी लागते. केंद्रावरील मनुष्यानें काटा पाहून खुंटी फिरवीपर्यंत सेकंदाचा पांचवा हिस्सा तरी जातो. आणि ताशावरची काडी आपलें काम सेकंदाच्या हजाराव्या भागांत उरकते. मनुष्याचा हात येथें पुरा पडेना.

दूरध्वनीच्या कारखानदारांपुढें हीच अडचण दुसऱ्या वेषांत उभी होती. ७ जानेवारी १९२७ रोजीं लंडन व न्यूयॉर्क यांमध्यें बिनतारी दूरध्वनि सुरू झाला. पण अटलांटिकवरच्या वातावरणांतील कडकडाटांत हळू बोलणाराचा शब्द बुडूं लागला. म्हणून १९३० नंतर एक दुहेरी यंत्र योजण्यांत आलें: अलीकडे बोलण्यांतील चढउतार दाबावा, आणि पलीकडे तो पुन्हा मोकळा करावा. यांतील पहिलें अर्ध नभोवाणीनें उचललें. १९३७ सालीं वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीनें नभोवाणी केंद्रांसाठीं आवाजाची शीग स्वतःच छाटणारें यंत्र काढलें, आणि पहारेकऱ्याच्या जागीं विजेचा पहारेकरी बसला. मूळ हेतु कलेचा नव्हता, रक्षणाचा होता, हें येथें लक्षांत ठेवावें.

आतां या पहारेकऱ्याची रीत समजून घेऊं. नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात: पाणी मारुतीच्या गुडघ्यास आलें, कमरेस आलें, गळ्यास आलें. समजा, नदीवर असा एक पहारेकरी नेमला कीं, पाणी गुडघ्याखालीं आहे तोंवर त्यानें कांहींच करूं नये. गुडघ्यावर चढूं लागलें म्हणजे मात्र वरच्या दर चार हातांपैकीं एकच हात चढूं द्यावें. मारुतीचा गुडघा हा थ्रेशोल्ड. चारास एक हें प्रमाण म्हणजे रेशो. संगणकावर आवाजाची कमाल मर्यादा शून्य धरतात आणि तिच्याखालचें सर्व मान उणे लिहितात. थ्रेशोल्ड उणे १८ वर ठेवला आणि रेशो चारास एक केला, तर उणे ६ वर जाणारी तान थ्रेशोल्डच्या वर बारा डेसिबेल चढलेली असते. तिला तीनच डेसिबेल चढूं दिलें जातें. म्हणजे ती उणे १५ वर येते आणि नऊ डेसिबेल छाटले जातात. उणे २४ वरचा खर्ज जसाच्या तसा राहतो. पूर्वीं या दोहोंत अठरा डेसिबेलांचें अंतर होतें, आतां नऊ उरलें. रेशो दहास एक किंवा त्याहून अधिक झाला कीं पहारेकरी भिंत बनतो, आणि त्यास लिमिटर म्हणतात. उलट, बंधन एकदम न घालतां थोडें आधींपासून हळूहळू घातलें तर आलेखावर कोन न दिसतां वळण दिसतें. त्या वळणास या धंद्यांत ‘नी’ म्हणजे गुडघाच म्हणतात, हा आमच्या मारुतीच्या दृष्टीनें मोठा योगायोग आहे.

पहारेकरी किती जागरूक असावा, आणि पूर ओसरल्यावर त्यानें बंधन किती वेळानें काढावें, हे दोन प्रश्न अजून उरले. पहिल्याचें उत्तर अटॅक, दुसऱ्याचें रिलीज. यंत्रांच्या पुढच्या पिढ्या एकमेकींपासून वेगळ्या झाल्या त्या मुख्यतः याच दोन गुणांत. १९५९ सालीं मूळचा एस्टोनियाचा रीन नार्मा यानें तयार केलेलें फेअरचाइल्ड ६७० हें यंत्र तबकडी कोरतांना सुई चरीबाहेर जाऊं नये यासाठीं होतें. त्यांत वीस व्हॅक्यूम नळ्या होत्या, वजन सुमारें तीस किलो होतें, आणि वेगासाठीं सहा ठराविक जागांची एक खुंटी होती. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं जिम लॉरेन्स यानें टेलेट्रॉनिक्सचें एलए-टूए काढलें. त्यांत आवाज वाढला कीं एक पट्टी प्रकाशते, आणि तो प्रकाश पाहणारा घटक आवाज दाबतो. हा घटक स्वभावानेंच मंद असून त्याचें बंधन आधीं झटकन् निम्में सुटतें, आणि उरलेलें एक ते पंधरा सेकंदांत सावकाश सुटतें. खुंट्या दोनच, वेगाची खुंटी नाहींच. १९६७ सालीं बिल पुटनम यानें ११७६ हें यंत्र आणलें. त्यांत नळ्यांच्या जागीं ट्रान्झिस्टर आले, आणि अटॅक सेकंदाच्या वीस दशलक्षांशांपर्यंत खालीं गेला. १९७६ सालीं डेव्हिड ब्लॅकमर याचें डीबीएक्स १६० आलें. त्यानें क्षणिक शीग न मोजतां आवाजाची सरासरी मोजली, म्हणजे मनुष्याच्या कानाप्रमाणें ऐकण्याचा यत्न केला.

जुन्या यंत्रांची ही नामावळी आम्ही हौसेनें देत नाहीं. आजच्या तरुणाच्या पडद्यावर हींच यंत्रें चित्ररूपानें नांदत आहेत, आणि त्यांच्या खोडीही त्यांच्याबरोबर आल्या आहेत. ११७६ वर थ्रेशोल्डची खुंटी नाहीं. तो आंत ठरलेला असून आवाज वाढवून त्यापर्यंत न्यावा लागतो. शिवाय त्याची अटॅकची खुंटी उजवीकडे फिरविली असतां वेग वाढतो, म्हणजे लागणारा काळ कमी होतो; इतर बहुतेक प्लगिनांत याच्या उलट असतें. हें ज्यास ठाऊक नाहीं तो मंद अटॅक लावावयास जाऊन अतिवेगवान् अटॅक लावतो, आणि ढोल निर्जीव कां झाला म्हणून मायक्रोफोनला दोष देतो. इतिहासाचें अज्ञान येथें असें कानाला ऐकूं येतें.

ढोलाचें नांव निघालें आहे तर तोच दाखला घेऊं; कारण नाशिक ढोल हें आमच्या गांवाचें नांव दूरवर नेणारें वाद्य आहे. टिपरूचा प्रहार होतो तेव्हां पहिल्या कांहीं मिलिसेकंदांत एक कडक टणका निघतो, आणि मागून पानाचा भरीव घुमारा येतो. टणका सांगतो कीं प्रहार कोठें पडला. घुमारा सांगतो कीं वाद्य केवढें आहे. अटॅक एक मिलिसेकंदाहून कमी ठेवला तर पहारेकरी टणक्यावरच झडप घालतो. मग पन्नास ढोल वाजले तरी उशीवर बुक्क्या मारल्यासारखें ऐकूं येतें. अटॅक वीस-तीस मिलिसेकंदांचा ठेवला तर टणका निसटून पुढें जातो, आणि घुमाराच तेवढा आवरला जातो. ढोल जवळ आल्यासारखा वाटतो. ताशाचें याच्या उलट. त्याचा कडकडाट कानठळ्या बसविणारा असल्यामुळें तेथें वेगवान् अटॅकच उपयोगी पडतो. ढोल व ताशा एकाच कॉम्प्रेसरमधून काढले तर ताशाच्या प्रत्येक काडीसरशीं ढोल खालीं दाबला जाईल, हेंही उघड आहे. म्हणून त्यांचे मायक्रोफोन व त्यांचे पहारेकरी निराळे असावेत.

रिलीजची परीक्षा ढोलापेक्षां तंबोऱ्यांत होते. गवई पुकार घेतो तेव्हां कॉम्प्रेसर सर्वच आवाज खालीं ओढतो, आणि त्याबरोबर तंबोराही खालीं जातो. गवई श्वासासाठीं थांबला आणि रिलीज फार जलद असला, तर तंबोरा एकदम उसळून वर येतो. पुन्हा गाणें सुरू झालें कीं बुडतो. तंबोऱ्याचें सारें महत्त्व त्याच्या अखंडपणांत. तोच लाटेसारखा खालींवर होऊं लागला तर गाण्याखालची जमीन हालते. उलट, रिलीज फार लांबला तर एका तानेची शिक्षा पुढच्या मुरकीस भोगावी लागते. यास आमच्या संगीतांतच मापदंड आहे, तो लय. मिनिटास १२० मात्रा चालत असतील तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. २४० असतील तर २५० ची. पुढच्या आघातापूर्वीं बंधन सुटलेलें असावें असा हिशेब धरला म्हणजे ढोलाचा आणि तबल्याचा रिलीज आपोआप ठरतो. विलंबितांत मात्रा चार-चार सेकंदांची झाली म्हणजे मात्र हें माप लागू पडत नाहीं. तेथें रेशो दीडास एक किंवा दोनास एक, छाट दोन-तीन डेसिबेलांहून अधिक नको, आणि सुटका सावकाश, असा सौम्य बंदोबस्तच बरा. आणि त्याहून बरें म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रकाप्रमाणें ओळीओळीचा आवाज आधीं हातानें सारखा करून घेणें.

शेवटची खुंटी मेकअप गेनची, आणि सर्वांत फसवी तीच. वरच्या उदाहरणांत नऊ डेसिबेल छाटले गेले. ते भरून काढण्यासाठीं सगळाच आवाज नऊनें उचलला म्हणजे तान पुन्हा उणे ६ वर जाते, पण उणे २४ वरचा खर्ज उणे १५ वर येतो. त्याबरोबर खोलींतील पंखा, रस्त्यावरची रिक्षा, गवयाचा श्वास हींही नऊ डेसिबेलांनीं चढतात. मनुष्यस्वभाव असा आहे कीं, तेंच गाणें थोडें मोठ्यानें ऐकविलें तर त्यास तें अधिक चांगलें वाटतें. म्हणून कॉम्प्रेसर लावल्याबरोबर गाणें सुधारलें असें वाटतें. पुष्कळदां सुधारलेलें कांहीं नसतें, फक्त वाढलेलें असतें. खरी परीक्षा करावयाची तर लावण्यापूर्वींचा व नंतरचा आवाज कानास सारखा मोठा भासेल असें करून मगच दोहोंची तुलना करावी. या एका नियमानें पुष्कळ खुंट्या आपोआप सौम्य होतील.

व्यक्तीला जो मोह पडतो तोच पुढें साऱ्या व्यापारास पडला. १९९४ सालीं वेव्हज कंपनीनें एल-वन हा संगणकी लिमिटर काढला. संगणक ध्वनि क्षणभर रोखून धरूं शकत असल्यामुळें पुढें येणारी शीग या पहारेकऱ्यास आधींच दिसते. त्र्यंबकेश्वराकडे पाऊस पडल्याची वर्दी मिळून नाशकांत आधींच तयारी व्हावी, तसेंच हें. १९९६ सालीं स्टाइनबर्ग कंपनीनें प्लगिनांची व्हीएसटी ही सामाईक पद्धति आणली, आणि जीं साधनें मोठ्या स्टुडिओंच्या मालकीचीं होतीं तीं घरोघर गेलीं. आतां आवाज न फाटतां हवा तितका वर चढविणें कोणासही शक्य झालें, आणि प्रत्येकजण आपली ध्वनिमुद्रिका शेजाऱ्याच्या मुद्रिकेपेक्षां मोठी करूं लागला. २००८ सालीं मेटॅलिका या अमेरिकी वाद्यवृंदाची ‘डेथ मॅग्नेटिक’ ही मुद्रिका इतकी चेपलेली निघाली कीं, खुद्द तिच्या चाहत्यांनींच तक्रार केली. ज्या कॉम्पॅक्ट डिस्कनें ९६ डेसिबेलांचें अंगण दिलें, तिच्यांत गाणें लाखेच्या तबकडीपेक्षांही दाटीवाटीनें उभें राहिलें. अरुंद पाटासाठीं शोधलेली युक्ति रुंद पात्रांतही कायम राहिली. केवळ संवय म्हणून, आणि स्पर्धा म्हणून.

यावर उपाय निघाला तो गणिती. २००६ सालीं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें कानास भासणारा मोठेपणा मोजण्याची पद्धति ठरविली. २०१० सालीं युरोपच्या नभोवाणी संघानें त्या मापानें उणे २३ ही पातळी प्रसारणासाठीं नेमून दिली. आतां इंटरनेटवरून गाणीं ऐकविणाऱ्या कित्येक मोठ्या संस्थाही जास्त मोठें गाणें स्वतः होऊन खालीं आणतात. त्यांतील प्रचलित पातळी सुमारें उणे १४ आहे. याचा अर्थ असा कीं, ज्यानें आपलें गाणें चेपून चेपून वर नेलें, त्याचें गाणें तेथें पोहोंचतांच खालीं उतरविलें जातें. मोठेपणा जातो आणि चपटेपणा तेवढा पदरांत राहतो.

येथें कोणी म्हणेल कीं, मग हें यंत्र टाकूनच कां देऊं नये? तसें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. विष्णु दिगंबरांचा श्रोता मंडपांत सारें लक्ष एकवटून बसलेला होता. आजचा श्रोता धांवत्या बसमध्यें, भांड्यांच्या आवाजांत, रस्त्याच्या गोंगाटांत ऐकतो. कांहींच आवरलें नाहीं तर त्यास तान ऐकूं येईल, पण खर्ज ऐकूं येणार नाहीं. बंदिशीचा मुखडा मिळेल आणि शेवटचा अलगद ठेवलेला षड्ज हरवेल. तो षड्ज त्याच्यापर्यंत पोहोंचविणें हें यंत्राचें पुण्यकर्म आहे. बापूरावांचीं भजनें आजही घरोघर ऐकूं येतात. तबकडीच्या तीस-चाळीस डेसिबेलांत त्यांचा तो शांत, गोड आवाज मावला आणि टिकला, याचें श्रेय गवयाच्या संयमास जितकें, तितकेंच अनेक अनाम ध्वनिमुद्रकांच्या हातांसही आहे.

परंतु सेवा आणि सत्ता यांतील भेद येथें विसरतां कामा नये. आमच्या संगीतांत लहान आवाज हा मोठ्या आवाजाचा अभाव नव्हे. तो स्वतःच एक अर्थ आहे. कीर्तनकार करुण प्रसंगीं आवाज उतरवितो तेव्हां सारी सभा पुढें वांकते. तें वांकणें हाच त्या प्रसंगाचा रस. यंत्रानें तो उतरलेला आवाज पुन्हा उचलून मोठ्याच्या रांगेंत बसविला तर शब्द सगळे ऐकूं येतील, पण वांकण्याचें कारण उरणार नाहीं. खुंट्या कशा फिरवाव्या हें यंत्र शिकवील. कोठें थांबावें हें सांगण्यास मात्र ज्या कानानें मोकळ्या जागेंत, यंत्रावांचून, एखादें गाणें जवळ बसून ऐकलें आहे असाच कान लागतो. नाशकांतल्या तरुण ध्वनिमुद्रकांस आमची एवढीच सूचना आहे कीं, प्लगिन उघडण्यापूर्वीं अशा दहा मैफली आणि दोन मिरवणुका त्यांनीं लक्षपूर्वक ऐकाव्या. नदी केवढी आहे हें ज्यास ठाऊक आहे, त्यानेंच पाट खणावा.